आजी कालवं काढते, ते चूक आहे का?



आठवीच्या वर्गात 'परिसंस्था' हा पाठ चालू होता. माणसाच्या कोणत्या कामांमुळे परिसंस्था बिघडते, असं विचारल्यावर आमच्या अंबडच्या मुलांनी भराभर उत्तरं दिली. प्लास्टिक, झाडं तोडणं, गोदावरीतल्या पाणवेली, कंपन्यांचं सांडपाणी. मी आपली त्यात एक भर घातली, "समुद्रकिनाऱ्यावरून माणसं शिंपल्या आणि कालवं काढून नेतात, त्यानेही किनाऱ्याची परिसंस्था बिघडते."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील इथे एमआयडीसीत कामाला, मूळ गाव रत्नागिरीकडचं. म्हणाली, "सर, माझी आजी ओहोटीला कालवं काढायला जाते. म्हणजे ती परिसंस्था बिघडवते का?"

वर्ग हसला. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि सुदैवाने तास संपल्याची घंटा झाली. पण खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं. पुस्तकातलं एक वाक्य फेकलं होतं आणि ते नेमकं कुणाच्या तरी आजीला जाऊन लागलं. त्यानंतर जे वाचलं, समजून घेतलं, ते इथे मांडतोय. हा विषय शिकवताना तुमची अशी फजिती होऊ नये, एवढाच हेतू.

आता तुम्ही म्हणाल, नाशिककरांना समुद्राचं काय? सुट्टी लागली की आपल्यापैकी निम्मे लोक कोकणात जातात, हे एक. दुसरं म्हणजे अंबडमध्ये पडलेला पाऊस नासर्डीने जावो की वालदेवीने, शेवटी गोदावरीलाच मिळतो आणि लांबवर वाहून आंध्रात समुद्राला जातो. गोदावरीच्या मुखाजवळच काकीनाड्याचा उपसागर आहे आणि तिथेही शिंपल्या काढणारी माणसं आहेत. त्यामुळे आपण अगदीच परके नाही.

दिवसातून दोनदा उघडणारी जमीन

भरतीला पाण्याखाली जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा जो पट्टा, त्याला आपण आंतरभरती क्षेत्र म्हणतो. कोकणातली माणसं एवढा जड शब्द वापरत नाहीत. तिथे खडकाळ भाग म्हणजे खडप, वाळूचा भाग म्हणजे पुळण आणि खाडीतला चिखल म्हणजे चिखलच.

एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. मुलांना जुना हिशोब जरूर सांगा, त्यांना फार आवडतो. तिथीची पाऊणपट करायची की आपल्या किनाऱ्यावरच्या भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. कालवं काढणाऱ्या बाया उधाणाच्या ओहोटीला जातात ते यामुळेच. इतर दिवशी न दिसणारा खडक त्या दिवशी दोन-तीन तास उघडा असतो. (पाऊणकी शिकवण्यासाठी इतकं चांगलं कारण मला आजवर सापडलं नव्हतं.)

या पट्ट्यात राहणं सोपं नाही. सहा तास पाण्यात, सहा तास उन्हात. म्हणून इथले बरेच जीव कवच घालून बसलेले. खडकाला सिमेंटसारखी चिकटलेली कालवं, धाग्यांनी स्वतःला बांधून घेणारे हिरवे शिनाणे, छोट्या टोपीसारखे दिसणारे लिंपेट, खरखरीत पांढरे बार्नॅकल आणि खाडीच्या वाळू-चिखलात पुरून घेतलेल्या तिसऱ्या, मुळे, खुबे. नावं गावागणिक बदलतात. तुमच्या वर्गात कोकणातलं किंवा गोव्याचं मूल असेल तर त्यालाच विचारा, आपल्याला नवे शब्द मिळतील.

हे जीव करतात तरी काय?

इथे आपण शिक्षक घाई करतो. अन्नसाखळीत एक बाण काढून मोकळे होतो. पण शिंपला हा नुसता खाण्याचा घास नाही.

कालवं, शिनाणे, तिसऱ्या पाणी आत ओढतात, त्यातले सूक्ष्म कण खातात आणि पाणी बाहेर सोडतात. थोडक्यात, घरातला वॉटर फिल्टर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं पूर्ण वाढलेलं एक कालव, परिस्थिती अनुकूल असेल तर, दिवसाला सुमारे 190 लिटर पाणी गाळू शकतं. म्हणजे जवळपास एक पिंप. तिथल्या चेसापीक उपसागराचा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. एकोणिसाव्या शतकात कालवं भरपूर होती तेव्हा सगळ्या उपसागराचं पाणी काही दिवसांत त्यांच्यातून गाळून निघायचं. बेसुमार काढणी, रोग आणि प्रदूषण यांनी कालवं इतकी घटली की त्याच कामाला जवळपास वर्ष लागेल, अशी वेळ आली.

दुसरं काम घर होण्याचं. कालवांच्या आणि शिनाण्यांच्या थरात असंख्य फटी असतात. त्यांत ओलावा टिकतो, सावली मिळते. खेकड्याची पिल्लं, किडे, गोगलगायी तिथे ओहोटीचे सहा तास काढतात. चाळीतली एक खोली पाडली तर एक बिऱ्हाड जात नाही, दहा जातात. तसंच इथे आहे.

आणि तिसरं काम, जे मला अजिबात माहीत नव्हतं. कालवाची पिल्लं काही दिवस पाण्यात तरंगतात आणि मग बसायला टणक जागा शोधतात. त्यांची आवडती जागा म्हणजे दुसऱ्या कालवाचं कवच, जिवंत किंवा मेलेलं. शिनाण्यांच्या बऱ्याच जातींची पिल्लं मोठ्यांच्या धाग्यांमध्ये जाऊन बसतात. म्हणजे मोठी पिढी ही पुढच्या पिढीची जमीन असते. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, पूर्वीच्या ट्रान्सकाय भागात, खडकावरचे शिनाणे जिथे पार खरवडून नेले गेले तिथे खडकावर गुलाबी, चुनखडीसारखं कडक शैवाल पसरलं आणि नवीन शिनाणे बसायला वर्षानुवर्षं लागली. नुसतं "काढणं थांबवलं की परत येतील" असं होत नाही.

कोणता काढला, याला महत्त्व

काढणारा माणूस साहजिकच मोठा जीव निवडतो. बाजारात मोठ्यालाच भाव. पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एक मोठा लिंपेट आहे, त्याची गंमत पाहा. तो आधी नर असतो आणि वाढून मोठा झाला की मादी होतो. मोठे मोठे वेचून नेले तर नेमक्या माद्या जातात. संग्रहालयातले जुने नमुने आणि आजचे जीव यांची मापं ताडून पाहिल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अशा काही जाती लहान होत गेल्याचं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. संख्या मोजणाऱ्याला कदाचित काही कळलं नसतं. माप घेणाऱ्याला कळलं.

लिंपेट खडकावरचं शेवाळ खातो. तो गेला तर? ब्रिटनजवळच्या आईल ऑफ मॅन बेटावर 1940 च्या दशकात एका पट्ट्यातले सगळे लिंपेट मुद्दाम काढून टाकले. थोड्याच दिवसांत तो पट्टा हिरवागार झाला, शेजारचा खडक मात्र तसाच उघडा. सुट्टीत खडपावर एखाद्या ठिकाणी हिरवी गालिच्यासारखी घसरडी जागा दिसली की तिथे चरणारे जीव कमी आहेत का, हे मुलांना शोधायला सांगा. कारण तेच असेल असं नाही, पण प्रश्न चांगला आहे.

चिलीचं कुंपण

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त चक्रावून टाकलं ते चिलीतल्या एका प्रयोगाने.

चिलीच्या किनाऱ्यावर 'लोको' नावाचा मोठा मांसाहारी शंख असतो. तिथले लोक तो आवडीने खातात. 1982 च्या अखेरीस लास क्रूसेस इथे विद्यापीठाच्या सागरी केंद्राने खडकाळ किनाऱ्याचा एक तुकडा कुंपण घालून बंद केला. माणसांना आत यायचं नाही, काही काढायचं नाही. हुआन कार्लोस कास्तिया आणि त्यांचे सहकारी नुसतं पाहत राहिले.

तुम्हीच सांगा, काय झालं असेल? वर्गात हा प्रश्न विचाराच, आणि उत्तर लगेच देऊ नका. बहुतेक मुलं म्हणतील, "सगळेच जीव वाढले असतील." मीही तेच म्हटलं असतं.

आत लोको वाढले, हे खरं. पण लोको शिनाणे खातो. दोन-तीन वर्षांत कुंपणाच्या आतला शिनाण्यांचा काळा थर जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याच्या जागी बार्नॅकल पसरले. बाहेर, जिथे माणसं लोको काढून नेत होती, तिथे मात्र शिनाण्यांचा थर जसाच्या तसा. म्हणजे आजवर शास्त्रज्ञ ज्याला त्या किनाऱ्याचं 'नैसर्गिक रूप' समजत होते, ते माणसाच्या हाताने घडलेलं होतं. माणूस लोको खात होता, म्हणून शिनाणे जगत होते.

अमेरिकेत रॉबर्ट पेन यांनी आधीच याच्या उलट बाजूने हेच पाहिलं होतं. त्यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या एका खडकावरून तारामासे काढून समुद्रात फेकले. तारामासा नाही म्हटल्यावर शिनाण्यांनी सगळी जागा बळकावली आणि तिथे मोजलेल्या 15 जातींच्या 8 उरल्या. 1966 साली हे प्रसिद्ध झालं. कमानीच्या माथ्यावरचा दगड काढला की कमान कोसळते, तसा हा प्राणी, म्हणून पुढे त्यांनी इंग्रजीत त्या दगडाचंच नाव अशा प्राण्यांना दिलं. जुन्या वाड्याच्या दरवाजाची कमान मुलांना दाखवता आली तर हा मुद्दा फळ्याशिवाय कळतो.

या दोन गोष्टींनंतर माझं ते वर्गातलं वाक्य मला फारच बावळट वाटायला लागलं. 'काढलं की बिघडतं' असं सरळ गणित नाही. काय काढलं, कोणाला खाणारा काढला की कोणाचं खाणं काढलं, यावर सगळं अवलंबून आहे.

हात आणि यंत्र

खाडीच्या चिखलात किंवा वाळूत हाताने, पायाने चाचपून तिसऱ्या काढतात, त्यानेही तळ ढवळला जातो. पण पुढच्या एक-दोन भरत्यांत तो बराचसा सारखा होतो. यंत्राचं तसं नाही. नेदरलँड्सच्या वाडेन समुद्रात मोठाले चिखलपट्टे ओहोटीला उघडे पडतात. तिथे शिंपल्या शोषून घेणारी यंत्रं चालायची. 1990 च्या सुमारास शिंपल्यांचं नवीन पीक आलं नाही, पण काढणं चालूच राहिलं. शिनाण्यांचे थर जवळपास संपले आणि त्यांवर जगणारी समुद्री बदकं, कालवं फोडून खाणारे लांब लाल चोचीचे पक्षी मोठ्या संख्येने उपाशी मेले. बरीच वर्षं वाद झाला. शेवटी 2005 पासून तिथे यंत्राने कॉकल शिंपल्या काढणं बंद झालं. हाताने काढायला परवानगी राहिली, हे लक्षात घ्या.

कोल्लमच्या लोकांनी काय केलं

आपल्या देशातलं उदाहरण पाहिजे, नाही तर मुलं म्हणतात हे सगळं परदेशातच होतं.

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचा खाऱ्या पाण्याचा तलाव आहे, समुद्राला जोडलेला. आपल्या तिसऱ्यांच्या जातकुळीतली एक शिंपली तिथे मिळते. 1981 पासून ती परदेशी जाऊ लागली आणि काढणं वाढत गेलं. 1991 साली उत्पादन वर्षाला 10,000 टनांवर पोचलं आणि 1993 पर्यंत निम्म्यावर आलं. हजारो माणसांचं पोट त्यावर. मग तिथल्या काढणाऱ्यांनी, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मदतीने, काही नियम घातले. डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे अंडी घालण्याच्या काळात, बंदी. जाळ्याचे डोळे मोठे, म्हणजे बारीक शिंपल्या खाली गळून पडतील. अगदी लहान मापाचा माल निर्यात करायचा नाही. पुढे शिंपल्या सावरल्या आणि 2014 मध्ये या मासेमारीला टिकाऊपणाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

इथे काढणं बंद झालेलं नाही. तीन महिने थांबायचं आणि बारीक सोडून द्यायच्या, एवढंच.

आपल्याकडे यांत्रिकी बोटींना 1 जून ते 31 जुलै समुद्रात बंदी असते, ती मुलांना माहीत असते. पण कोयता नाही तर लोखंडी आकडी घेऊन खडपावर बसलेल्या बाईसाठी असं काही ठरलेलं वेळापत्रक नाही. गावाचा संकेत असतो, नसतो. सिंधुदुर्गात महिला बचतगटांनी खाडीत कालवं आणि शिनाण्यांची शेती करून पाहिली, तो एक मार्ग आहे. खडकावरचा भार थोडा हलका होतो, पैसेही मिळतात.

आणि हेही सांगायला हवं. खाडीतल्या शिंपल्यांचं नुकसान केवळ काढण्याने होत नाही. वाळू उपशाने त्यांचा तळच जातो. गावांचं सांडपाणी येतं, कांदळवन भरून टाकतात. पाणी गाळणारा जीव पाण्यातली घाणही अंगात साठवतो, त्यामुळे घाणेरड्या खाडीतल्या शिंपल्या खाणं धोक्याचं. या सगळ्याचा दोष पहाटे टोपली घेऊन जाणाऱ्या म्हातारीच्या माथी मारणं मला आता जमत नाही. पण तिच्याच खडपावर उद्या हॉटेलांची मागणी आली आणि टोपलीच्या जागी गोण्या भरायला लागल्या, तर तेच काम खडक उघडा पाडेल, हेही तितकंच खरं.

पालकांसाठी, सुट्टीला निघण्याआधी

मुलं पिशवीभर शिंपले घेऊन येतात. 'मेलेलेच तर आहेत' असं आपण म्हणतो. रिकाम्या शंखात साधू खेकडा राहतो, कवचांचा चुरा होऊन वाळू बनते, आणि कालवाचं पिल्लू जुन्या कवचावर बसतं हे वर आलंच. स्पेनमधल्या सालोऊजवळच्या एका पुळणीवर शास्त्रज्ञांनी 1978 ते 1981 आणि पुन्हा 2008 ते 2010 या काळात शिंपले मोजले. मधल्या तीस वर्षांत पर्यटक पावणेतीन पटीच्या आसपास वाढले होते आणि शिंपले अडीच पटीहून जास्त घटले होते. एकेक मूठच गेली होती.

तेव्हा फोटो काढा, माप घ्या, चित्र काढा. एखादा आणला तर आणला, मी काही पिशव्या तपासायला येणार नाही. दगड उलटून पाहिला तर तसाच परत ठेवायला मात्र शिकवाच. दगडाखालचा ओला, अंधारा भाग उन्हात पडला की तिथले जीव तासाभरात वाळतात. आणि दुकानातले चकचकीत मोठे शंख विकत घेऊ नका. ते बहुधा जिवंत प्राण्याचे काढलेले असतात आणि काही जाती 2001 पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जी पातळ शिंप लावलेली दिसते, ती जातही त्यात आहे.

वर्गात घ्यायचा खेळ

समुद्र नसला तरी हे करता येतं. खडूने जमिनीवर एक चौकोन आखा, तो खडप. त्यात 20 राजमा (मोठी कालवं) आणि 20 मटकीचे दाणे (बारीक). चार मुलं, दहा सेकंद, हवं तेवढं उचला. फेरी संपली की उरलेल्या मटकीचा राजमा होतो आणि आधीपासून उरलेल्या प्रत्येक राजम्यामागे दोन मटक्या टाकायच्या. आमच्या वर्गात तिसऱ्या फेरीला चौकोन रिकामा. मुलांनी एकमेकांवर आरडाओरडा केला, "तूच जास्त घेतलं!" मग मी म्हटलं, आता नियम तुम्ही करा. एका गटाने बारीक दाणे उचलायला बंदी केली. एका गटाने प्रत्येकी तीनच दाणे ठरवले. एका गटाने एक फेरी सोडून खेळायचं ठरवलं. कुणाचा चौकोन किती फेऱ्या भरलेला राहिला हे फळ्यावर लिहून ठेवलं. त्यावरच्या भांडणात अख्खा तास गेला, पण मी मध्ये पडलो नाही.

खेळ झाल्यावर मी त्या मुलीला वर्गासमोर सांगितलं, की तुझ्या आजीबद्दलचं माझं वाक्य अर्धवट होतं. मग तिलाच काम दिलं, आजीला फोन करून विचार, कालवं नेमकी कशी काढतात. दुसऱ्या दिवशी वहीत लिहून घेऊन आली. आजीचे शब्द तिने जसेच्या तसे उतरवले होते, "वरचं झाकण फोडून आतलं काढायचं. खालची शिंप खडपाला ऱ्हावंदे. तिच्यावरच नवीन लागतात."